दुसऱ्या भागानं अडवलेली सोयरीक

तिशीला टेकलेला सरकारी डॉक्टर म्हटल्यावर लग्नाच्या बाजारात माझा भाव बरा असायला हवा होता. होताही, फक्त कुणीतरी "कसले डॉक्टर?" असं विचारेपर्यंत. मी जनावरांचा डॉक्टर. आमचं गाव वळसंगच्या पुढं आणि माझा दवाखाना गावाच्याही पुढं, अक्कलकोटच्या बाजूला, जिथं माणसं कानडीत सुरू करतात आणि मराठीत संपवतात. घरी वडिलांची मेंढरं. म्हणजे नोकरीत मेंढरं आणि घरी आल्यावरही मेंढरं. मुलीकडची मंडळी आली की नाक न मुरडता बसायचा प्रयत्न करायची, आणि तो प्रयत्नच आम्हाला जास्त लागायचा.

सोलापुरातल्या भवानी पेठेतलं स्थळ आलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी मात्र काहीच विचारलं नाही. ते कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कळप विकून मुलाला शहरात शिकायला ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात मेंढरांचा विषय निघत नसे. आम्ही बघायला गेलो तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना माझी ओळख "डॉक्टरसाहेब" अशी करून दिली आणि लगेच चहा मागवला, म्हणजे पुढचा प्रश्न चहाखाली दबून जावा.

पोहे झाले. मग रीतीप्रमाणे आम्हा दोघांना गॅलरीत पाठवलं. खाली गल्लीत मागांची खडखड चालू होती, त्यामुळं बोलायचं तर जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि मोठ्यानं बोललं तर आत ऐकू जात होतं. ती एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझायनर होती. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती जकार्डच्या मागावर चढायची. एवढं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं,

"वाचता का तुम्ही?"

"वाचतो की."

"काय?"

मी शेवटचं वाचलेलं पुस्तक शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर होतं. "मिळेल ते," मी म्हणालो.

ती आत गेली आणि एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. उशीएवढं जाड. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि मधोमध लांडग्याचे दोन पिवळे डोळे.

"हा पहिला भाग. दुसरा लवकरच येतोय. तुम्ही हा वाचा आणि मला एकच सांगा, राणी बरोबर की ती मुलगी?"

"आणि उत्तर चुकलं तर?"

"चुकायचं काय त्यात? वाचून सांगितलं म्हणजे झालं. याआधी दोघांना दिलं होतं. एकानं न उघडताच परत केलं. दुसऱ्यानं यूट्यूबवर गोष्ट ऐकली आणि मला येऊन सांगितलं की राणी मुलीची आई आहे."

"नाही का?"

"वाचा," ती म्हणाली.

खाली उतरताना माझ्या काखेतलं पुस्तक बघून वडील म्हणाले, "आता पाव्हनं पुस्तक बी देत्यात व्हय?"

बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. पुढं कॉलेजात इंग्रजी शिकलो ते हाडांचं, आतड्यांचं आणि लसींचं. यकृतातल्या किड्याचं नाव मला झोपेतही सांगता आलं असतं. पण या पुस्तकातली नायिका पानापानावर ज्या निरनिराळ्या प्रकारे उसासे टाकायची त्या एकाही प्रकाराचा शब्द मला येत नव्हता. मोबाईलवर अर्थ बघत बघत मी पुढं सरकलो.

गोष्ट अशी. एका कोरड्या राज्यात काही माणसांना जमिनीखालचं पाणी हाकेनं वर आणता येतं. ही जादू राणीच्या ताब्यात. तिच्या परवानगीशिवाय कुणी पाणी बोलवायचं नाही, बोलवलं तर हद्दपार. नायिका विहीर खोदणाऱ्याची पोरगी, वय सोळा-सतरा. तिला ही विद्या आपोआप आलेली. तिच्यासोबत घोड्याएवढा एक लांडगा, जो तिच्याशी मनातल्या मनात बोलतो. मग राणीचा मुलगा. करड्या डोळ्यांचा, सतत भिंतीला टेकून उभा राहणारा. तो तिला पकडायला येतो आणि पकडायचं सोडून बघतच राहतो. शेवटी ती कड्यावरून लांडग्यासकट खाली पडते आणि पुस्तक संपतं.

दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरली की मी जनावर अडकवायच्या खोड्याशेजारच्या टेबलावर पुस्तक उघडायचो. आमच्या परिचरानं दोन-चार दिवस बघितलं आणि विचारलं, "सायेब, परीक्षा हाय काय?"

लांडगा, राजपुत्र आणि उसासे त्याला समजावून सांगण्यापेक्षा "व्हय" म्हणणं सोपं होतं. आठवड्याभरात गावात बातमी झाली की डॉक्टर कलेक्टरच्या परीक्षेला बसतोय. वडिलांना पारावर लोक विचारू लागले. ते नाकारत नसत. "पुस्तक तर लई जाड हाय," एवढंच सांगायचे.

त्यांनी एकदा ते पुस्तक हातात घेऊन कव्हर निरखलं.

"लांडगा का काढलाय ह्येच्यावर?"

"गोष्टीत हाय. त्या पोरीचा मैतर."

वडिलांनी पुस्तक खाली ठेवलं. आमच्याकडं लांडगा म्हणजे नुसतं गोष्टीतलं जनावर नव्हे. गेल्याच साली त्यानं गाभण मेंढी ओढून नेली होती.

"पोरगी कुनाची हाय?"

"विहीर खोदणाऱ्याची."

"मंग बरूबर. तिच्या घरी मेंढरं नसतील."

हे मी फोनवर तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मला पुढचा मुद्दा मांडायला धीर आला. पुस्तकाचं निमित्त करून आम्ही फोनवर बोलायला लागलो होतो. दोन्ही घरांत याला "मुलं बोलतायत" असं हळू आवाजात म्हटलं जायचं. आम्ही खरं तर भांडत होतो.

"मला विचाराल तर राणी बरोबर," मी सांगितलं.

"राणी? लोकांचं पाणी अडवणारी राणी?"

"अहो, पाणी काय उगाच येतं का? ही पोरगी जिथं मन होईल तिथं पाणी काढते. खालचं संपलं म्हणजे? आमच्याकडं बोअर मारून मारून हेच झालं. कुणीतरी नको म्हणणारं पाहिजेच."

"पण ते ठरवणारी ती एकटीच का? तिला कुणी विचारलं होतं?"

"आमच्या तालुक्यात अशी मुलगी असती ना, तर तिला हद्दपार केलं नसतं कुणी. जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं असतं. आणि मग पाणी फक्त तिला मतं दिलेल्या वस्त्यांवर आलं असतं."

"तुम्हाला जादूतलं काहीच कळत नाही," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही.

अडचण यायची ती प्रेमाच्या प्रसंगांची. राजपुत्र आणि नायिका एका धबधब्याखाली सापडतात, आणि त्यानंतरच्या पानावर जे होतं ते मला दवाखान्यात वाचताना पुस्तक उभं धरून वाचावं लागलं. त्याविषयी फोनवर बोलायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती. पण त्याच पानावर राणीचा एक मोठा कट उघड होत असल्यामुळं ते टाळताही येत नव्हतं. मग आम्ही त्याला "ते धबधब्याचं पान" म्हणायला लागलो. "धबधब्याच्या पानानंतर तो पत्र जाळतो," ती म्हणायची. "हो, धबधब्यानंतर," मी म्हणायचो आणि घसा खाकरायचो. एका हेडक्लार्कची मुलगी आणि एका मेंढपाळाचा मुलगा यांच्यातला शृंगार एवढ्यावर भागत होता.

आणखी एक आक्षेप मी धंद्याच्या अंगानं घेतला होता. एवढ्या मोठ्या पुस्तकात लांडगा एकदाही काही खात नाही. घोड्याएवढं जनावर, रोज डोंगर चढतंय, आणि खाणं नाही? बाण लागतो तेव्हा ती मुलगी पाला ठेचून लावते आणि सकाळी तो धावायला तयार. मी म्हटलं, ही जखम चिघळणार, तिथं अळ्या पडणार. ती म्हणाली, "तुम्ही त्याच्या पोटातले जंतही शोधाल." मी शोधले असतेच, पण लेखिकेनं तेवढी माहिती दिली नव्हती.

महिन्याभरात तिनं घरी होकार कळवला. उत्तर राणीच्या बाजूचं असूनही. "वाचलं तरी त्यांनी," असं ती आईला म्हणाली, असं मला नंतर समजलं.

मग बैठक झाली. भवानी पेठेतल्याच घरी. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसली. मानपान, कपडे, कार्यालय असं ठरत ठरत गाडी तिच्या नोकरीवर आली. तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलगी कारखान्यात जाते. त्याचं पुढं कसं?"

माझे वडील म्हणाले, "नोकरीचं लगीन झाल्यावर बघू की."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचा विषय कार्यालयाच्या जेवणाचा निघाला. ती आतल्या खोलीत, दाराच्या पलीकडं होती. मी चिवडा खात होतो.

साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी राहिली होती, आणि त्याच सुमारास दुसरा भाग आला.

तिनं दोन प्रती मागवल्या. एक स्वतःला आणि एक मला. कुरिअरवाल्याला माझा दवाखाना सापडणार नव्हता, म्हणून माझी प्रत वळसंगच्या स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवायला सांगितली होती. मी आणायला गेलो तर टपरीवाल्यानं ती फळीवर उभी करून ठेवली होती. या खेपेला कव्हरवर मुकुट होता. "डॉक्टर, ही शेवटची परीक्षा का?" त्यानं विचारलं.

ठरलं असं होतं की दोघांनी बरोबरीनं वाचायचं आणि रोज बोलायचं. पण त्याच आठवड्यात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची मोहीम लागली. दिवसभर वाड्या-वस्त्यांवर फिरायचं, गुरांच्या मानेत सुई द्यायची, कानात बिल्ला मारायचा, घरी येऊन नोंदी चढवायच्या. मी पहिल्याच लढाईत अडकून पडलो. तिला शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि तिनं पुस्तक संपवून टाकलं.

सोमवारी मी एका गोठ्यात म्हशीच्या मागं उभा असताना तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"कुठपर्यंत आलात?"

"लांडगा पुन्हा जखमी झालाय."

"म्हणजे अजून सुरुवातीलाच." ती थांबली. "मला साखरपुडा थोडा थांबवायचाय."

म्हशीनं शेपूट मारलं ते माझ्या कानावर बसलं. त्यामुळं मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"काय झालं? घरी कुणी काही बोललं का?"

"नाही. पुस्तक संपवा. मग बोलू."

"अहो, पण निदान सांगा तरी..."

"मी सांगितलं तर तुम्ही मला पटवत बसाल. आधी वाचा."

माझं लग्न का अडलंय हे कळायला आता मला पाचशे पानं वाचायची होती. तसा वाचक त्या लेखिकेला दुसरा मिळाला नसेल. मी जीपमध्ये वाचलं, गोठ्याच्या दारात गुरं बांधून होईपर्यंत वाचलं, लसीचे बॉक्स मांडीवर ठेवून वाचलं. राजवाडा, दरबार, एक खोटी बहीण, दोन विषप्रयोग. प्रत्येक प्रकरणात मी शोधत होतो, यात माझं काय चुकलं? राजपुत्राचं एका सरदाराच्या मुलीशी काहीतरी होतं असं वाटून मी घाबरलो, कारण माझ्या दवाखान्यात नवीन एक लेडी डॉक्टर यायची होती. पण ते नुसतं नाटक निघालं. राणी मरते तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. एका वस्तीवर लोक विचारत होते, "डॉक्टर, बातमी वाईट हाय का?" मी नाही म्हणालो आणि पुढच्या बैलाला सुई दिली.

शेवट असा होता. नायिका राणी होणार. पण गादीवर बसणाऱ्यानं जादू बाळगायची नाही असा राज्याचा जुना नियम. तर तिनं तिची विद्या एका दगडी कुंडात सोडायची. ती राजपुत्राला विचारते, "मला ती परत कधी मिळेल?" तो तिचा हात धरतो, करड्या डोळ्यांनी बघतो आणि म्हणतो, "नंतर पाहू आपण." ती कुंडात हात घालते. बाहेर ढोल वाजतात. लांडगा दारातून परत फिरतो आणि रानाकडं निघून जातो. संपलं.

मी पुस्तक मिटलं आणि माझी खात्री झाली की तिला लांडग्याचं वाईट वाटलंय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सोलापूर गाठलं. सात रस्त्याजवळच्या एका ज्यूसच्या दुकानात आम्ही भेटलो. ती कारखान्यातून आली होती, ओढणीला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. मी वाटेत मोटारसायकलवर सगळं भाषण तयार केलं होतं.

"हे बघा," मी सुरुवात केली, "तिसरा भाग येणारच. कुंड फुटणार. तो लांडगा गेला तो मदत आणायला गेलाय, मला तरी तसं वाटतं. लेखिकेनं मुद्दाम..."

"राजपुत्र शेवटी काय म्हणतो?"

"कधी?"

"कुंडापाशी."

"नंतर पाहू म्हणतो."

"आणि बैठकीत तुमचे वडील काय म्हणाले?"

समोरचा मिक्सर मोसंबीचा रस काढत होता. तो बंद व्हायची मी वाट बघितली.

"ते सहज म्हणाले हो."

"तोही सहजच म्हणतो. वाचलंत ना? हसून म्हणतो." ती शांत होती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आणि तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"मी... मी चिवडा खात होतो."

तिला हसू आलं असावं. पण तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. "मी सहा वर्षं हे काम करतेय. पहिल्यांदा माझी नक्षी मागावरून उतरली तेव्हा तिथल्या विणकर काकांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही, पण त्यांनी ती चादर माझ्या खांद्यावर टाकली. मला ते काम सोडायचं नाही. आता नाही आणि लग्न झाल्यावरही नाही. हे कुणी बघायचं नाहीये. ते ठरलेलं आहे. तुम्हाला ते चालत नसेल तर तसं सांगा, मला राग येणार नाही."

"मला चालतं," मी म्हणालो.

"मग बैठकीत का नाही बोललात?"

बैठकीत मुलानं बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी ज्या ज्या बैठकांना गेलो तिथं मुलगा म्हणजे नवी चप्पल घालून बसलेला एक माणूस असायचा. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या राणीसमोर तरी बोलला असता का?" आणि ज्यूस न संपवता उठली.

संध्याकाळी गावी पोचलो तेव्हा वडील बाभळीखाली बसून मेंढरं कातरत होते. एक मेंढी त्यांच्या गुडघ्यांत, अर्धी पांढरी आणि अर्धी मळकी. मी तिचे पाय धरले.

"काय म्हनती पोरगी?"

"नोकरी सोडणार न्हाय म्हणती."

"सोड म्हनलं कुनी?"

"तुमी. बैठकीत. लगीन झाल्यावर बघू म्हणाला न्हाय का?"

वडिलांनी कातर थांबवली. "बघू म्हनलो. बघू म्हंजे न्हाय असतंय व्हय? बघू म्हंजे बघू."

"तिला तसं वाटलं. पुस्तकात तसं हाय."

"त्या लांडग्याच्या?"

"व्हय."

"मला वाटलंच हुतं," वडील म्हणाले. "लांडगा कवा कुनाचं भलं करतोय?"

त्यांनी पुन्हा कातरायला घेतलं. लोकरीचा एक मोठा पुंजका खाली पडला. मग, अगदी हिशेबी माणसासारखं, त्यांनी खरा प्रश्न विचारला. "नोकरी करू दे की. पन ऱ्हानार कुटं? हितनं रोज सोलापूर गाठंल व्हय ती?"

हे मात्र त्या जाड पुस्तकात कुठंच नव्हतं. तिथं लोक लांडग्यावर बसून एका प्रकरणात राज्य ओलांडायचे. मी म्हणालो, "मीच सोलापुरात ऱ्हातो. हितं दवाखान्याला रोज येतो."

वडिलांनी मेंढी सोडली, ती उठून अंग झटकत पळाली, दुसरी धरली. जेवताना ते बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आई तव्यावर भाकरी टाकता टाकता कानडीत पुटपुटली, त्याचा अर्थ एवढाच की ज्या घरात मी नांदायला आले तिथं मला कुणी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. हे ती वडिलांना म्हणाली, मला, की भाकरीला, ते कळलं नाही. पण वडिलांनी ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला फेटा बांधला आणि म्हणाले, "चल. भवानी पेठेत जाऊ. बसून बोलू."

तिच्या वडिलांना आमचं येणं कळलं तेव्हा ते हादरले. त्यांना वाटलं, आम्ही मोडायला आलोय. माझ्या वडिलांनी चहा यायच्या आत विषय काढला.

"पाव्हनं, नोकरीचं बैठकीत जरा अर्धवट झालं. पोरगी नोकरी करंल. आन् ही दोगं हितंच सोलापुरात ऱ्हातील. पोरगा जाऊन येऊन करंल."

"छे छे!" हेडक्लार्क एकदम पुढं सरकले. "आमची तशी काही अट नाही हो. मुलीला समजावू आम्ही. तुमच्याकडं आली की..."

"माझी आहे अट," आतून आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली. ही गोष्ट त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडत होती, कारण तिच्या आईनं पटकन तिचा हात धरला आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून दिला.

माझे वडील तिच्याकडं वळले. "बाई, लांडग्याचं काय बी ऐकू नगंस," ते म्हणाले. "बाकी मंजूर."

ती माझ्याकडं बघायला लागली. या वेळी माझ्यासमोर चिवडा होता. पण मी त्याला हात लावला नव्हता. "मी जाऊन येऊन करीन," मी सगळ्यांसमोर म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. समोरच्या गॅलरीतल्या एका बाईनं वळून बघितलं.

साखरपुडा झाला, लग्न झालं. आम्ही भवानी पेठेपासून थोड्या अंतरावर दोन खोल्या घेतल्या. मी रोज मोटारसायकलनं निघतो. उन्हाळ्यात तोंडाला रुमाल, हिवाळ्यात कानटोपी, आणि परत येतो तेव्हा ती माझ्या आधी घरी आलेली असते. बायकोसाठी घर सोडलेला माणूस म्हणून आमच्या गावात माझ्याविषयी थोडी हळहळ आहे, आणि तिच्या कारखान्यात थोडं कौतुक. मी यातलं काहीच नाकारत नाही. कलेक्टरची परीक्षा मी नापास झालो असं लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलंय. तिसरा भाग आला, तिनं वाचला. मी अजून मध्यावर आहे, आणि शेवट काय हे ती सांगत नाही.

गेल्या महिन्यात वडील पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आले. तिच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून ते बसले. पडद्यावर मोरांची रांग होती. तिनं एक बटण दाबलं आणि सगळे मोर निळ्याचे तांबडे झाले. मग ती त्यांना कारखान्यात घेऊन गेली आणि तेच मोर मागावरून उतरताना दाखवले. वडिलांनी कापडाला हात लावून बघितलं. गावी जाऊन त्यांनी पारावर सांगितलं की सून खुर्चीवर बसून बोट हलवती आन् तिकडं कारखान्यात चादर निगती.

गावानं हे लगेच मानलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आमच्या वस्तीवरची एक म्हातारी पायरीवर वाट बघत बसली होती. "डॉक्टर, तुजी बायकू बोटानं चादर काढती म्हनं. खरं हाय का?"

मी तिला समजावलं. आधी कागदावर नक्षी, मग कॉम्प्युटर, मग माग, मग सूत. ती ऐकत होती. पण तिचा चेहरा सांगत होता की मी काहीतरी लपवतोय.

"मंग घोंगडी निगंल का?"

"न्हाय आजी. त्येला लोकर लागती, आन् विणायला माणूस लागतो."

तिनं मान हलवली. मग पदर सावरून ती उठली आणि खरं काम सांगितलं. तिच्या शेळीनं कालपासून तोंडात काही घेतलं नव्हतं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, पोरगा दोरी धरून बाहेर उभा होता. मी बॅग उचलली आणि तिच्या मागं खोड्याकडं गेलो.